नुसते बघायला आलेले गिऱ्हाईक

"बसा तरी, बघायला काय पैसे पडतात?" कापडाच्या पेढीवर हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा मराठी गृहस्थ विरळाच. लग्नाचा बस्ता असो वा एखाद्या पोलक्याचा खण, गादीवर टेकलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा पेला येई आणि मागोमाग घड्या मोडू लागत. पाच, दहा, वीस. पुढ्यात पातळांचा ढीग साचे, आणि घरची वडीलधारी बाई पदर सावरीत उठताना म्हणे, "पुन्हा येऊ." दुकानातला नोकर "अवश्य या" म्हणून त्या वीस घड्या पुन्हा घालावयास बसे. त्याच्या मनात त्या वेळी काय चाले, हा भाग निराळा. परंतु ते चेहऱ्यावर उमटू न देणे हे त्या धंद्याचे पहिले शिक्षण होते. या अंकाच्या अनेक वाचकांच्या घरी, पेढीवर बसू लागलेल्या मुलास खतावणीच्या आधी हेच शिकविले गेले असेल.

मोटारींच्या शोरूममध्ये घडी मोडण्याचा प्रश्न नाही. गाडी उभीच असते. दार उघडून आत बसावे, स्टिअरिंगवर हात ठेवावा, मागच्या आसनावर गुडघे कितपत अडतात ते पाहावे, डिकीत दोन बॅगा मावतील का याचा अंदाज घ्यावा आणि उतरून दार लावावे. मालाचे काही बिघडत नाही. असे असूनही "आम्ही नुसते बघायला आलो आहोत" हे वाक्य उच्चारताना मिळवत्या, सुशिक्षित माणसाचीही जीभ अडखळते. काचेच्या दारापाशी तो क्षणभर थबकतो, पायातल्या चपलांकडे पाहतो, आणि पुष्कळदा "रविवारी नीट तयार होऊन येऊ" असे घरच्यांना सांगून परत फिरतो. गाडी बघावयास जाताना कोणते कपडे घालावेत याची चर्चा अनेक घरांत होते, ही गोष्ट विनोदाची वाटली तरी खरी आहे.

आत गेल्यावर दोहोंपैकी एक अनुभव येतो. पहिला उपेक्षेचा. चार विक्रेते गप्पा मारीत उभे असतात, त्यांतील एक जण मान वर करून पाहतो, बाहेर कोणते वाहन लावले आहे तिकडे नजर टाकतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघू लागतो. दुसरा अनुभव पाठलागाचा. नाव, मोबाईल क्रमांक, सध्या कोणती गाडी आहे, किती दिवसांत घेणार, रोखीने की कर्जाने, अशी प्रश्नांची सरबत्ती होते. गाडीचे दार उघडण्याआधी माणसाची अर्धी कुंडली लिहून घेतली जाते. नंतरचे पंधरा दिवस रोज फोन. उपेक्षा आणि पाठलाग ही दोन टोके दिसतात खरी, पण दोहोंचे मूळ एकच आहे: समोरचा माणूस या महिन्यात गाडी घेणार की नाही, एवढ्याच एका प्रश्नाने त्याला मोजलेले असते.

तसे पाहिले तर मोटार "बघायला" जाणे ही गोष्टच या देशात फार जुनी नाही. सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व तिच्याच वंशातली पद्मिनी बाहेर पडू लागली. त्या काळी निवड ती काय होती! फियाट किंवा ॲम्बेसेडर. परवाना राज्यात गाड्यांचे उत्पादन मर्यादित आणि मागणी मोठी. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि नंबर लागलेला माणूस तो नंबरच वरकड पैसे घेऊन दुसऱ्यास देई. स्कूटरचीही तीच कथा. अशा बाजारात विक्रेत्याने काही विकावयाचे नसतेच, तो फक्त वाटप करतो. गिऱ्हाईक अजीजी करी आणि विक्रेता उपकार करी. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली, तेव्हाही रांगा संपल्या नाहीत. १९९३ साली मोटार उद्योग परवानामुक्त झाला, १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या, आणि तेव्हा कोठे मध्यमवर्गीय कुटुंबास चार ठिकाणी जाऊन, बसून, चालवून पाहण्याची चैन लाभली. शोरूममधील काही विक्रेत्यांच्या भुवयांत अजूनही जो वाटपाचा ताठा दिसतो, तो कदाचित त्या रांगांच्या काळाचा वारसा असावा.

परंतु विक्रेत्याच्या बाजूचेही पाहिले पाहिजे, कारण त्याच्या पोशाखावरून त्याची स्थिती कळत नाही. टाय लावलेला, बूट चमकवलेला हा तरुण बहुधा दुचाकीवरून कामावर येतो. जी गाडी तो दिवसभर वाखाणतो ती घेण्याइतके त्याचे उत्पन्न नसते. पगार बेताचा, वर गाडीमागे मिळणारा इन्सेंटिव्ह, आणि तोही ठरावीक संख्या गाठली तर. महिन्याच्या अखेरीस एक गाडी कमी पडली तर केवळ त्या एका गाडीचे नव्हे, आधीच्या गाड्यांच्या इन्सेंटिव्हचेही पाणी होऊ शकते. त्याच्या मालकाचीही ओढाताण वेगळी नसते. कंपनीच्या हिशेबी गाडी विक्रेत्याकडे रवाना झाली की विकली गेली. त्यानंतर आवारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीचे व्याज विक्रेत्याच्या डोक्यावर. नुसत्या गाडीवर सुटणारा नफा तुटपुंजा असल्यामुळे विमा, कर्ज, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी यांवर सारी मदार असते.

म्हणून दाराशी आलेल्या प्रत्येकाची संगणकात नोंद होते आणि त्याला एक शेरा मिळतो: हॉट, वॉर्म किंवा कोल्ड. पंधरा दिवसांत घेणारा हॉट, दोन-तीन महिन्यांत विचार करणारा वॉर्म, आणि नुसते बघावयास आलेला तो कोल्ड. सकाळच्या बैठकीत व्यवस्थापक विचारतो ते हॉटविषयी. थंड गिऱ्हाइकासाठी पाऊण तास घालवणाऱ्यास शाबासकी मिळत नाही, उलट बोलणीच बसतात. कापडाच्या पेढीवरचा नोकर वीस घड्या मोडू शके, कारण मालक स्वतः गादीवर बसून ते पाहत असे आणि आज न घेणारी बाई दिवाळीत येईल हे त्यास ठाऊक असे. शोरूमचा हिशेब महिनाअखेर मिटतो. दिवाळी त्याच्या वहीत नसते.

या घाईतून माणूस पाहून वागण्याची सवय लागते. चपला, शर्ट, भाषा, सोबत कोण आहे, एवढ्यावरून निकाल होतो. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातील तुमकूर येथे जे घडले ते अनेकांच्या स्मरणात असेल. एक शेतकरी आपल्या मित्रांसह मालवाहू पिकअप गाडी बघावयास एका शोरूममध्ये गेला. गाडीची किंमत दहा लाखांच्या घरात. बातम्यांत आले त्याप्रमाणे, तेथील विक्रेत्याने त्याची टर उडविली. खिशात दहा रुपये तरी असतील का, अशा आशयाचे तो बोलला. शेतकऱ्याने विचारले, पैसे आणले तर आजच गाडी द्याल काय? आणि तासाभरात दहा लाख रुपये रोख आणून समोर ठेवले. आता शोरूमची पंचाईत झाली. गाडी तत्काळ देता येईना. वाद वाढला, पोलीस आले, पुढे दिलगिरी व्यक्त झाली, गाडीही यथावकाश पोहोचली. कंपनीच्या प्रमुखांनी, प्रत्येक व्यक्तीची प्रतिष्ठा जपणे हे आमचे मूल्य आहे, असे जाहीरपणे सांगितले.

ही हकिगत देशभर पसरली आणि जो तो सुखावला. सुखावण्याजोगी ती होतीच. धोतर नेसलेला, पायात कोल्हापुरी वहाणा घातलेला म्हातारा शोरूममध्ये येतो, त्याला कोणी विचारीत नाही, मग तो पिशवी टेबलावर उपडी करतो आणि नोटांची पुडकी बाहेर पडतात; या धाटणीच्या गोष्टी ऊसपट्ट्यात तर घरोघर सांगितल्या जातात. ऐकणाऱ्याला त्यात न्याय झाल्यासारखा वाटतो.

पण या गोष्टींत एक खोट आहे, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तुमकूरच्या शेतकऱ्याचा मान परत मिळाला तो दहा लाखांनी. समजा, त्या दिवशी त्याच्यापाशी खरोखरच दहा रुपये असते; समजा, तो नुसते बघावयासच आला असता, दोन हंगामांनंतर घ्यावयाची गाडी आज डोळ्यांखालून घालावी म्हणून; तर तो विक्रेता बरोबर ठरला असता काय? बातमी झाली नसती, पोलीस आले नसते, दिलगिरी तर नाहीच. अपमान मात्र तेवढाच राहिला असता, आणि तो घेऊन चार मित्रांसह तो मुकाट्याने बसस्थानकाकडे चालत गेला असता. पिशवीतून नोटा निघणाऱ्या गोष्टीत विक्रेत्याची चूक 'श्रीमंत ओळखता आला नाही' एवढीच उरते. ज्याच्या पिशवीत भाकरीच आहे त्याच्याशी कसे वागावे, याविषयी ती गोष्ट काहीच बोलत नाही. अशी माणसे शोरूमच्या दाराशी रोज येतात, आणि संख्येने तीच अधिक असतात.

चेहरा पाहून भाव ठरविण्याचा हा प्रकार केवळ येथलाच, असेही नाही. अमेरिकेतील शिकागो परिसरात इयन एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकाने त्याची पद्धतशीर परीक्षा घेतली. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्री-पुरुषांना एकच संवाद पाठ करून, सारख्या पोशाखात, एकाच जातीच्या गाडीसाठी विक्रेत्यांकडे पाठविण्यात आले. १९९१ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९९५ मध्ये सहकाऱ्यासह तीनशेहून अधिक भेटींवर आधारलेला दुसरा अभ्यास मांडला. शब्द तेच, गाडी तीच. तरी गोऱ्या पुरुषांना सांगितलेल्या भावापेक्षा इतरांना, विशेषतः कृष्णवर्णीयांना, चढा भाव सांगितला गेला. गंमत अशी की त्या परीक्षकांपैकी गाडी कोणालाच घ्यावयाची नव्हती. विक्रेत्यांचे खरे वर्तन उघडे पडले ते नुसते बघावयास आलेल्या माणसांमुळे.

त्याच देशात अशा माणसाच्या सोयीच्या दोन गोष्टी मात्र आहेत. १९५८ च्या कायद्यान्वये प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचविलेली किंमत आणि जोडणीतील वस्तूंचा तपशील छापलेला कागद चिकटवावा लागतो. तो कायदा आणणाऱ्या मोनरोनी नावाच्या सिनेटरवरूनच तो कागद ओळखला जातो. म्हणजे किंमत कळण्यासाठी तोंड उघडण्याची गरज नाही. शिवाय शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये रविवारी मोटारविक्रीस कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ज्यांना विक्रेत्याचा ससेमिरा नको असतो, अशी कुटुंबे रविवारी दुकान बंद असताना बाहेर मांडलेल्या गाड्यांभोवती निवांत फिरून, काचेवरचे कागद वाचून येतात.

येथे तसे नाही. शोरूममधील किंमत आता संकेतस्थळावर मिळते, पण गाडी घरी येईपर्यंत प्रत्यक्ष किती मोजावे लागतील हा आकडा विक्रेत्याच्या कोटेशनखेरीज नीट कळत नाही. त्यात वाहनकर असतो, नोंदणी असते, विमा असतो, फास्टॅग असतो. दहा लाखांवरील गाडीस एक टक्का रक्कम आयकरापोटी कापली जाते, ती विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा आहे; पण तो अमुकच कंपनीचा, शोरूममधूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती नाही. 'हँडलिंग' या नावाखाली लावलेली रक्कम तर "ही कशाची?" एवढे विचारताच पुष्कळदा गळून पडते. हा सारा तपशील हाती यावा म्हणून बघणाऱ्यास आपला मोबाईल क्रमांक द्यावा लागतो, आणि तो दिला की फोनचे चक्र सुरू होते. बघणे फुकट आहे. किंमत विचारणे मात्र तितकेसे फुकट नाही.

घरातील स्त्रियांचा अनुभव याहून वेगळा, आणि तो नोंदविण्याजोगा आहे. गाडी बँकेत नोकरी करणाऱ्या सुनेच्या पैशांनी घ्यावयाची असते, चालविणारही तीच. ती विचारते, वळणावर स्टिअरिंग जड जाते का, शहरात लिटरमागे किती पडते? विक्रेता उत्तर देतो ते तिच्या नवऱ्याकडे पाहून, आणि नवरा सोबत नसेल तर सासऱ्यांकडे पाहून. तिच्या वाट्याला प्रश्न येतो तो एवढाच: "ताई, रंग कोणता आवडला?" इंजिनाविषयीचे तिचे दोन-तीन प्रश्न झाल्यावर त्याची नजर बदलते हे खरे, पण ती परीक्षा तिने का द्यावी? एकट्या आलेल्या मुलीस "घरच्यांना घेऊन या ना" असे सुचविले जाते. घरच्यांना घेऊन यावयाचे की नाही हे ती ठरवील. बहुतेक वेळा तिने ठरविलेले असते ते एवढेच, की गाडी घ्यावयाची झाली तर दुसऱ्या शोरूममधून.

बघणाऱ्याच्या पदरी मात्र सारेच पुण्य आहे असे समजू नये. सुट्टीची संध्याकाळ थंड हवेत घालवावी म्हणून मुलाबाळांसह टेस्ट ड्राइव्ह घेणारी कुटुंबे आहेत. एका विक्रेत्याकडून दोन तास माहिती घेऊन, त्याचे कोटेशन दुसऱ्यापुढे टाकून, पाच हजार रुपये कमी करून घेणारे चतुर गृहस्थही आहेत. व्यवहारात ते चालते, पण पहिल्याचे दोन तास कोणाच्या खात्यावर टाकावयाचे? आणि सर्वांत मोठा घोळ घालतो तो "कळवतो" हा शब्द. मराठी माणसाच्या तोंडी "कळवतो" म्हणजे बहुधा "नाही". समोरच्याचे मन मोडू नये म्हणून तो असे बोलतो. संगणकात मात्र त्याचा अर्थ 'वॉर्म' असा लिहिला जातो, आणि पुढचे पंधरा दिवस ज्या फोनांविषयी तो गृहस्थ घरात चिडचिड करतो, ते फोन त्याच्याच सौजन्याने आलेले असतात. "पुढच्या वर्षी घ्यावयाची आहे, आज फक्त मागची सीट आईला चढता-उतरता येते का ते पाहावयाचे आहे," असे दारातच सांगितले तर चांगला विक्रेता बहुतेक वेळा नुसती मान डोलावून किल्ली आणून देतो आणि बाजूला उभा राहतो. न डोलावणारा कोणता, हेही पहिल्या मिनिटातच कळते.

अशी भेट केव्हा घ्यावी, यालाही वेळ-काळ आहे. महिन्याचे शेवटचे चार दिवस टाळावेत. तेव्हा शोरूममध्ये कोणाचेच चित्त ठिकाणावर नसते. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी तर गाड्या ताब्यात देण्याची धांदल; हार, पेढे, नारळ आणि छायाचित्रे यांच्या गर्दीत बघणाऱ्यास उभे राहावयास जागा नसते. पितृपक्षात मात्र तीच शोरूम ओस पडलेली असते. आधुनिक शिक्षण घेतलेली माणसेही त्या पंधरवड्यात गाडी घेत नाहीत. ज्याला केवळ बघावयाचे आहे त्याला एरवी न मिळणारी फुरसत त्या दिवसांत मिळते. विक्रेता स्वतःहून बॉनेट उघडून दाखवितो, चहा येतो, आणि कापडाच्या पेढीची आठवण व्हावी अशा गप्पा होतात.

असे विक्रेते आहेत. संगणकात 'कोल्ड' लिहिलेल्या गिऱ्हाइकाचा क्रमांक ते स्वतःच्या डायरीत वेगळा उतरवून ठेवतात. "आईंना पुढची सीट उंच वाटली", "मुलीची बारावी झाल्यावर" अशा दोन शब्दांच्या खुणा त्यापुढे असतात. बारावीचा निकाल लागल्यावर खरोखरच फोन येतो: "ताई पास झाल्या का?" या धंद्यात नोकऱ्या फार बदलतात, आणि तोवर तो तरुण बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या शोरूममध्ये गेलेला असतो. ज्या शोरूमने पाऊण तास फुकट गेला म्हणून त्याला बोल लावलेला असतो, तिच्या संगणकात ते गिऱ्हाईक अजूनही थंडच दिसत असते. ते कुटुंब मात्र मागच्या आसनावर आईला बसवून नव्या शोरूममधून गाडी बाहेर काढीत असते.